पासवर्डांची पेटी आणि तिची पारख

प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाकडे पूर्वी दोन किल्ल्या असत. एक दाराची व दुसरी कपाटाची. आज त्यास विद्यार्थिनोंदीची, वेतनाची, पोषण आहाराची, शिष्यवृत्तीची व बँकेची अशा कितीतरी अदृश्य किल्ल्या बाळगाव्या लागतात. पुष्कळ शाळांतून त्या हजेरीपटाच्या आतील पुठ्ठ्यावर पेन्सिलीने टिपलेल्या आढळतात. कोठे शाळेचे नाव व त्यापुढे 123 एवढाच एक पासवर्ड सर्व कामांस पुरविला जातो. क्वचित शिक्षकास स्वतःस तो आठवत नाही, पण तालुक्याच्या गावी ज्या दुकानात माहिती भरून घेतली जाते तेथील मुलास तो तोंडपाठ असतो. या किल्ल्यांच्या आड मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे खाते क्रमांक आहेत. पालकांनी ते शाळेवर विश्वास ठेवून दिलेले आहेत, दुकानावर नव्हे.

एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात मोठा धोका आहे. एखाद्या क्षुल्लक संकेतस्थळावरून तो चोरीस गेला, की चोर तोच पासवर्ड बँकेच्या व शासकीय संकेतस्थळांवर लावून पाहतो. यासाठी प्रत्येक ठिकाणी निराळा व लांब पासवर्ड हवा. असे वीस-पंचवीस पासवर्ड ध्यानात ठेवणे मनुष्यमात्रास शक्य नाही. म्हणून पासवर्ड मॅनेजर नावाची आज्ञावली वापरतात. ती सर्व पासवर्ड एका पेटीत गूढलिपीत बंद करून ठेवते, आणि त्या पेटीचा एक मुख्य पासवर्ड तेवढा माणसाने लक्षात ठेवावयाचा असतो. परंतु सर्व किल्ल्या एकाच पेटीत ठेवावयाच्या, तर ती पेटी घडविणारा लोहार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच व पुढे फ्रान्समध्ये भाषा शिकविणाऱ्या गृहस्थाने 1883 साली लष्करी गूढलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी कुलूप उघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. गावातील कुलूपदुरुस्ती करणारा प्रत्येक कारागीर कुलपाची रचना जाणतो, म्हणून गावातील सर्व कुलपे निरुपयोगी ठरत नाहीत. जो निर्माता “आमची रचना गुप्त आहे, म्हणून ती सुरक्षित आहे” असे सांगतो, त्याच्या मालाविषयी सावध राहावे.

ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता येते, तपासता येते व परवान्याच्या अटींस अनुसरून बदलून वापरता येते, तीस मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. डॉमिनिक राइकल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेली कीपास ही या वर्गातील जुनी व मान्यता पावलेली आज्ञावली होय. तिच्याच धर्तीची कीपासएक्ससी ही संगणकासाठी व कीपासडीएक्स ही अँड्रॉइड फोनसाठी आहे. 2016 साली उदयास आलेल्या बिटवॉर्डनचीही संहिता खुली आहे. यांपैकी कीपासच्या 1.31 या आवृत्तीची तपासणी युरोपीय संघाच्या एका प्रकल्पाने 2016 मध्ये केली, तेव्हा तीत गंभीर स्वरूपाचा दोष सापडला नाही.

तथापि “संहिता खुली आहे” याचा अर्थ “ती कोणीतरी वाचली आहे” असा होत नाही. शाळेचे दप्तर तपासणीस खुले असते, पण तपासणी झालीच पाहिजे ना! ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीत हार्टब्लीड नावाचा दोष सुमारे दोन वर्षे राहिला व 2014 च्या एप्रिलात उघड झाला. लक्षावधी यंत्रांचा भार वाहणारे ते काम मोजक्या माणसांच्या हाती होते.

2024 चे उदाहरण याहून बोधप्रद आहे. एक्सझेड ही माहिती आटोपशीर करून साठविणारी छोटी प्रणाली. तिचा थकलेला सांभाळकर्ता मदतनिसाच्या शोधात असता “जिया तान” या नावाने कोणी पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूटपणे उपयुक्त काम केले, विश्वास संपादन केला, आणि मग 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चाचणीच्या फायलींच्या आड चोरदार बसविले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला. त्याने चिकाटीने माग काढला व 29 मार्च 2024 रोजी सर्व प्रकार जगासमोर मांडला. ही घटना वाचून काही जण मुक्तस्रोतास दोष देतात, तर काही जण त्याचा जयजयकार करतात. दोन्ही पक्ष घाई करतात. चोर खुल्या दारातूनच आत आला हे खरे. पण संहिता खुली नसती तर अर्ध्या सेकंदाचा माग काढणे त्या बाहेरच्या माणसास अतिशय कठीण गेले असते.

यास्तव पारख करताना कामकाजाची रीत पाहावी. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या नियमित निघतात काय? तिला सांभाळणारे एकाहून अधिक आहेत काय? बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल जाहीर होतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, दोष आढळल्यावर मंडळी कशी वागतात? मे 2023 मध्ये कीपासमध्ये असे आढळले की, संगणकाच्या स्मृतीची प्रत कोणाच्या हाती पडल्यास मुख्य पासवर्डाचे पहिले अक्षर वगळून बाकी जवळजवळ सर्व अक्षरे तीतून काढता येतात. दोष जाहीर झाला, आणि जूनमध्ये 2.54 ही सुधारलेली आवृत्ती निघाली. ज्या प्रणालीचा एकही दोष कधी ऐकिवात नाही, तिच्यापेक्षा असा हिशेब उघड ठेवणारी प्रणाली बरी. पेटीतून बाहेर पडण्याची वाटही आधी पाहून ठेवावी. कीपासच्या जातीच्या पेट्या अनेक आज्ञावल्यांत उघडतात. एक बंद पडली तरी माल अडकत नाही.

पेटीच चोरीस गेली तर काय, याचे उत्तर लास्टपासच्या प्रकरणात मिळते. 2022 मध्ये या कंपनीच्या साठ्यातून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती चोरल्या गेल्या. आतील पासवर्ड गूढलिपीत होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. अशा वेळी सर्व भिस्त मुख्य पासवर्डावर असते. चांगली प्रणाली त्यावर लाखो वेळा गणिती प्रक्रिया करून मगच पेटी उघडते. एका प्रचलित पद्धतीत बिटवॉर्डनने 2023 पासून 6,00,000 आवर्तने ठरविली आहेत. चोरास प्रत्येक अंदाजागणिक तेवढेच श्रम पडतात. परंतु “शाळा123” हा पासवर्ड त्याच्या पहिल्या काही अंदाजांतच येईल, मग आवर्तने कितीही असोत.

मुख्य पासवर्ड निवडण्यासाठी सोंगट्यांचे फासे वापरावेत. तीन फाशांच्या मिळून 216 जोडण्या होतात. पाठ्यपुस्तकांतील 216 सोपे शब्द निवडून त्यांस क्रम द्यावा, तीन फासे क्रमाने टाकून एक शब्द घ्यावा, व असे आठ शब्द रोमन लिपीत ओळीने लिहावेत. आठ शब्दांच्या ओळी 6 चा 24 वा घात, म्हणजे 47 च्या पुढे 17 शून्ये इतक्या होतात. यादी कोणास ठाऊक असली तरी बिघडत नाही. केर्कहॉफ्सचे तत्त्व येथेही लागू आहे. मात्र पडलेला शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकू नये. घात शिकविताना सातवीच्या वर्गात हाच प्रयोग करून दाखविता येईल. अर्थात् त्या वेळी पडलेली ओळ कामास वापरावयाची नाही.

काही उत्साही शिक्षक स्वतःच्या यंत्रावर पेटी चालविण्याचा विचार करतात. बिटवॉर्डनशी जुळणारी व्हॉल्टवॉर्डन ही मुक्तस्रोत प्रणाली लहानशा संगणकावरही चालते. शिकण्यासाठी हा उद्योग उत्तम आहे. शाळेच्या किल्ल्यांसाठी तो बहुधा उचित नाही. यंत्र स्वतःचे झाले की पहारा, दुरुस्ती, नव्या आवृत्त्या व राखीव प्रती यांचा भारही स्वतःवर येतो. वीज दोन दिवस गेली असता फोनमध्ये उरलेली प्रत वाचता येते, पण तीत नवी नोंद करता येत नाही. आणि त्या शिक्षकाची बदली झाल्यावर ते यंत्र कोण सांभाळणार? खेड्यातील शाळेस कीपासच्या जातीची एक फाईल पुरते. तीस ना सर्व्हर लागतो, ना अखंड इंटरनेट.

आज्ञावली उतरवून घेताना मात्र डोळ्यांत तेल घालावे. 2023 च्या ऑक्टोबरात गूगलवरील एका जाहिरातीतून कीपासचे बनावट संकेतस्थळ दाखविले जात होते. पत्त्यातील पहिल्या अक्षराखाली एक बारीकसे चिन्ह, एवढाच काय तो फरक. जाहिरातीवरून न जाता अधिकृत पत्ता स्वतः टंकून जावे.

पेटीच्या दोन प्रती दोन निराळ्या पेनड्राइव्हवर, दोन निराळ्या ठिकाणी असाव्यात. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात शाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवण्यास हरकत नाही. दूरदेशीचा चोर ते कपाट फोडावयास येत नाही. पेनड्राइव्ह मात्र त्याच कपाटात ठेवू नये. बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत लिफाफ्याची नोंद करावी, व नव्या मुख्याध्यापकाने त्याच दिवशी मुख्य पासवर्ड आणि पेटीतील शाळेचे सर्व पासवर्ड बदलावेत. प्रत्येक सत्राच्या आरंभी राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर लावून ती उघडते की नाही हे पाहावे, आणि त्या तारखेची नोंद आवक-जावक वहीत ठेवावी.