रेणुकेची घागर : एक मानसशास्त्रीय विचार

आपला मुडबीचा परिसर बीदर आणि कलबुरगी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेला आहे. येथे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात. मराठी घरात जिला रेणुकामाता म्हणतात, तिलाच शेजारच्या कानडी घरात यल्लम्मा म्हणून हाक मारली जाते. कोणी नांदेड जिल्ह्यातील माहूरगडाला जातो, तर कोणी बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीला. माझे बालपण गोमंतकात गेले. तेथे सांतेरीच्या देवळात वारूळ हेच देवीचे रूप मानतात. आम्ही कोंकणीत त्या वारुळाला 'रोयण' म्हणतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांतेरी, रेणुका आणि यल्लम्मा ही एकाच भूमातेची रूपे असल्याचे विवेचन केले आहे. ते वाचले आणि या परक्या प्रांतात आपली ओळखीची देवता भेटल्याचा आनंद मला झाला.

परंतु आज मी देवालयातील रेणुकेविषयी लिहीत नाही. पुराणकथेतील रेणुका ही पत्नी आहे, माता आहे आणि सर्वप्रथम एक मनुष्य आहे. तिच्या मनाचा आपण थोडा विचार करू.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा आली आहे. जमदग्नी ऋषींची पत्नी रेणुका नदीवर स्नानाला गेली असता तिला चित्ररथ राजा आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना दिसला. तिचे मन क्षणभर विचलित झाले. ती भयभीत होऊन आश्रमात परतली. ऋषींनी तिच्या मनातले ओळखले आणि पुत्रांना मातेचा वध करण्याची आज्ञा केली. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू या चौघांच्या हातून ते झाले नाही. पित्याच्या शापाने ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. शेवटी आलेल्या परशुरामाने मात्र आज्ञा पाळली. श्रीमद्भागवतात हीच कथा किंचित निराळी आहे. तेथे रेणुका गंगेवर पाणी आणण्यास जाते, तिचे मन किंचित ओढले जाते आणि होमाची वेळ झाल्याचे भान तिला राहत नाही. लोककथेने यात एक सुंदर भर घातली आहे. रेणुका रोज नदीकाठच्या वाळूची घागर घडवी आणि सर्पाची चुंबळ करून त्या घागरीतून पाणी आणी. त्या दिवशी मात्र घागर काही केल्या घडेना.

ही घागर का घडली नाही? पातिव्रत्य ढळले म्हणून, असे परंपरा सांगते. मानसशास्त्राच्या दृष्टीने दुसरेही एक उत्तर संभवते. सरावाचे काम आपण निःशंक मनाने करतो तोवर ते सहज होते. 'आपले चुकणार तर नाही ना?' अशी धास्ती शिरली, लक्ष कामावरून उडून स्वतःवर खिळले, की सरावलेला हातही अडखळतो. पाठ असलेली कविता व्यासपीठावर उभे राहताच विसरते, हा अनुभव तुमच्यापैकी कोणाला नाही? रेणुकेचे मन क्षणभरच भुलले होते. पण त्यामागून आलेले भय मोठे होते. वाळूचे कण एकत्र धरून ठेवणारा तिचा आत्मविश्वास त्या भयाने विरघळला. घागर न घडणे हा तिच्या अपराधाचा पुरावा मानण्याऐवजी तिच्या भयाची खूण मानावी, असे मला वाटते.

मनात विचार येणे आणि हातून कृती घडणे यांत मोठे अंतर आहे. व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड (1856–1939) यांनी असे प्रतिपादन केले, की माणसाच्या अनेक इच्छा त्याच्या नकळत मनाच्या तळाशी वावरत असतात. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांची अनेक मते पुढील संशोधकांनी मान्य केली नाहीत. तथापि विचार आमंत्रणाची वाट न पाहताच मनात शिरतो, हे जाणण्यास कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. रेणुकेने त्या राजाशी एक शब्द बोलल्याचे किंवा त्याच्या दिशेने एक पाऊल टाकल्याचे कथा सांगत नाही. शिक्षा झाली ती केवळ मनात उठलेल्या एका तरंगाला.

ही कथा मी वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, रेणुकेला कोणी काहीच का विचारले नाही?" मी क्षणभर निरुत्तर झाले. खरोखरच, ऋषी बोलतात, परशुराम बोलतो. या साऱ्या प्रसंगात रेणुकेच्या मुखी मात्र एकही वाक्य नाही.

पितृआज्ञेचा महिमा सांगण्यासाठी ही कथा परंपरेने सांगितली जाते. प्रसन्न झालेल्या पित्याकडे परशुरामाने पहिलेच मागणे मातेच्या प्राणांचे केले आणि भावांनाही पूर्ववत करून घेतले, ही गोष्टही खरी आहे. त्याच्या वरांतील एक वर मला फार अर्थपूर्ण वाटतो. आपला वध झाला याची आठवण मातेला राहू नये, असे त्याने मागितले. केवळ प्राण परत मिळाल्याने मनाची जखम भरून येत नाही, हे प्राचीन कथाकाराने किती अचूक जाणले होते! स्वजनांच्या हातून झालेला घात स्मरणात घेऊन त्याच घरात राहणे किती कठीण, हे त्याला ठाऊक होते.

पण हे विस्मरण मिळाले ते मातेला. त्या पातकाचा स्पर्श होऊ नये, असे मागणे परशुरामाने स्वतःपुरते केले. स्वतःसाठी विस्मरण मागितले नाही. पुढे कार्तवीर्याच्या पुत्रांनी जमदग्नींचा वध केला आणि परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, असे पुराण सांगते. त्या क्रोधाचे कारण पित्याचा वध हेच होय. तरीही त्याच्या मुळाशी मातेवर उगारलेल्या परशूची अबोल आठवण धुमसत असेल काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. पुराणात याचे उत्तर नाही. वाचकाने ते आपल्या अंतःकरणात शोधावयाचे आहे.

वर मिळून विस्मरण येणे हे पुराणातच घडते. आपल्याला तशी सोय नाही. आपल्या हाती असलेला उपाय एकच, तो म्हणजे वेळीच बोलणे आणि वेळीच ऐकून घेणे. विद्यार्थिमित्रहो, अभ्यासातून मन उडाले, गुण कमी पडले, मनात नको तो विचार आला, म्हणून स्वतःला अपराधी समजून कुढत बसू नका. आईजवळ, वडिलांजवळ किंवा आपल्या शिक्षकांजवळ मन मोकळे करा. पालकांनाही माझी नम्र विनंती आहे. मूल कापत्या पावलांनी घरात आले, तर निर्णय देण्यापूर्वी त्याला 'काय झाले, बाळ?' एवढे तरी विचारावे. जमदग्नींच्या आश्रमात हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

माहूरगडावर देवीच्या केवळ मुखाची पूजा होते. कथेने ज्या मुखाला त्या दिवशी बोलू दिले नाही, त्याच मुखासमोर उभे राहून हजारो लेकी आपली गाऱ्हाणी सांगतात. कोणी ऐकून न घेण्याचे दुःख जिने सोसले, ती आपले ऐकून घेईल असा त्यांचा विश्वास असावा. तिच्या घागरीची गोष्ट पुन्हा ऐकाल, तेव्हा त्या वाळूकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहा. मनही असेच कणाकणांनी घडलेले असते. ते सांभाळावयाचे, तर धाकापेक्षा विश्वासाचा ओलावा अधिक उपयोगी पडतो.