ओपन-बॅक घे, पण आधी कान दाखव

मिरज,
रविवार, दुपार

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. फोनवर मला तुझं निम्मं बोलणं कळत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू "हो काका, हो काका" करून सुटतोस, म्हणून लिहायलाच बसलो.

परवा वहिनीचा फोन आला. आजी मोरीत घसरून बसली होती हे मला आठ दिवसांनी कळतंय, त्याबद्दल दादाशी वेगळं भांडीन. हाड शाबूत आहे, मुका मार आहे, देवाची कृपा. पण ती हाका मारत होती, तू भिंतीपलीकडं गेम खेळत होतास, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन तिला उठवलं. "हेडफोन होते, कसं ऐकू येणार?" असं तू म्हणालास म्हणे. तेही मी एकवेळ गिळलं असतं. पण वहिनी पुढं म्हणाली की हेडफोन काढलेले असले तरी हल्ली तू "काय? काय?" करतोस. टीव्ही मोठा लावतोस. आणि एका रात्री तिला म्हणालास, कानात रातकिडे किरकिरताहेत, झोप येत नाही.

वहिनीला राईचा पर्वत करायची सवय आहे. दादाच्या ॲसिडिटीला हार्ट अटॅक ठरवून तिनं अख्खी सोसायटी जागी केली होती, ते मी विसरलेलो नाही. यावेळीही तसंच असू दे. पण मला खरं सांग, आजीची हाक हेडफोनमुळं ऐकू आली नाही, की कानामुळं?

आणि त्याच फोनच्या शेवटी ती म्हणते, "पंचवीस हजारांचे हेडफोन घ्यायचे म्हणतोय, ओपन-बॅक का काय ते, तुम्हीच समजवा त्याला." अरे, आजीची कंबर शेकणं चालू असताना हे मागणं काढताना जीभ कशी उचलली? दादा तुला नाही म्हणणार नाही. आमच्या आप्पांकडं काही मागायची सोय नव्हती, त्याचं उट्टं तो तुझे लाड करून काढतोय. म्हणून तर तू आधी त्याच्याकडं गेलास, मला काय कळत नाही?

आता वहिनीला वाटतं की मी तुला "घेऊ नको" म्हणून सांगीन. तिला कुठं माहीत, की माझं मत उलटं आहे. तुझ्या सध्याच्या त्या लाल-निळे दिवे लागणाऱ्या बंद डबड्यापेक्षा ओपन-बॅक शंभर पटीनं बरा. बंद हेडफोन म्हणजे दारंखिडक्या लावून कोंडलेल्या खोलीत गाणं, आणि ओपन-बॅक म्हणजे तेच गाणं अंगणात. कपाची बाहेरची बाजू जाळीची असते, पडद्यामागची हवा मोकळी बाहेर जाते, आवाज आतल्या आत आपटत बसत नाही. त्यामुळं तो डोक्याच्या आत न वाजता आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो. आणि माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही, की त्या जाळीतनं घरातला आवाज आत येतो. दाराची बेल, कुकर, आजी.

पण याच जाळीत सापळा आहे, तो दुकानदार सांगत नाही. तुमचा फ्लॅट रस्त्यावर. पंखा पाचवर. खाली रिक्षांचे हॉर्न, गणपतीत ढोल. ते सगळं आत येणार, आणि तू काय करणार? आवाज वाढवणार. मग बंद डबडं बरं होतं म्हणायची पाळी येईल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. ९० ला गेलास की आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, आणि वहिनीच्या सांगण्यावरून तू तेवढं एका बैठकीत खेळतोस. आतल्या कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. दुकानात येणाऱ्या कुठल्याही ॲम्प्लिफायरचा आयसी मी बदलून देतो. हा पार्ट मिळत नाही.

तुला वाटेल काका कीर्तन करतोय. तर ऐक. तुझ्याएवढा होतो तेव्हा मी ऑर्केस्ट्राच्या साउंडवर होतो, हे तुला आजीनं सांगितलं असेल. काय सांगितलं नसेल ते मी सांगतो. गणेशोत्सवात सांगलीपासून इचलकरंजीपर्यंत रोज एक गाव, आणि आमची केबल आखूड म्हणून माझी जागा कायम डाव्या स्पीकर-कॉलमच्या शेजारी. पहाटे परत येताना कानात शिट्टी वाजायची, दुपारपर्यंत जायची. आम्ही त्याला "साउंड चढला" म्हणायचो आणि हसायचो. एका मोसमात ती दुपारी गेली नाही. दिवाळीतही गेली नाही. आज हे लिहितानाही आहे.

पण शिट्टीची सवय होते. खरं दुःख वेगळं आहे. उरुसात दर्ग्यात गाणं ऐकायला मी दरवर्षी जातो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाचा तो उत्सव मी सहसा चुकवत नाही. मागं एकदा पुढं बसलो होतो आणि तंबोरा मुका वाटला. जवारी उतरलीय असं मी शेजारच्या सतारमेकराच्या कानात म्हणालो. मिरजेत जवारी लावणाऱ्यांना आम्ही लहानपणापासून बघतोय, घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की तारेतनं जे चमचमीत निघतं ते मला पाठ आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलला नाही. जवारी ठीक होती रे. पुढच्या आठवड्यात ऑडिओग्राम काढला. त्या कागदावर ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली. डॉक्टर म्हणाले, आवाजानं गेलेल्या कानाची ही खूण. आता दुकानात गिऱ्हाईक "साठ" म्हणतं आणि मला "आठ" ऐकू येतं, कारण 'स' वरच्या पट्टीतला. बाकीचे हसतात, मीही हसतो. पण ज्या तंबोऱ्यासाठी मी आयुष्यभर या गावात राहिलो, त्याचं वरचं अर्धं अंग मला ऐकू येत नाही.

म्हणून विचारतो, रातकिडे अजून आहेत का?

बरं. आता तुझं सामान. तुला गाणं, सिनेमा, गेम तिन्ही एकातच पाहिजे, म्हणून "गेमिंग" लिहिलेलं काही घेऊ नको. तिथं तू दिव्यांचे आणि खोक्यावरच्या ७.१ सराउंडचे पैसे देतोस. माणसाला कान दोनच. पावलं डावीकडनं आली की उजवीकडनं, हे मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या आणि आवाजाच्या बारीक फरकावरून काढतो, आणि चांगला स्टिरिओ ओपन-बॅक ते स्वच्छ देतो. वर आणखी सराउंड पाहिजेच असेल तर तुझ्या विंडोजमध्ये ते फुकट आहे. माईक ओपन-बॅकला बहुधा नसतो. टेबलावरचा वेगळा घे. आवाज मात्र बेताचा ठेव, जाळीतनं बाहेर आलेला आवाज माईक पकडतो आणि तुझ्या मित्रांना तुझाच गेम परत ऐकू जातो.

मला विचारशील तर सेनहायझर एचडी ५६०एस. १२० ओहम, पण कॉम्प्युटरच्या साध्या जॅकवर बहुतेक ठिकाणी बरा वाजतो. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, केबल निघते, गाद्या निघतात. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो मजबूत आहे, बेसही जास्त, सिनेमाला मजा येते, पण वरच्या पट्टीत टोचतो आणि केबल कपातच डागलेली. ती तुटली की सोल्डरिंग आलं. ते माझ्याकडं होईल, पण दर वेळी मिरजेला कोण पाठवणार? आणि किरकिरणाऱ्या कानाला टोचणारा हेडफोन मी देणार नाही. हायफायमॅन एचई४००एसई स्वस्तात प्लेनर आहे, गाणं सुंदर लागतं. पण चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि ओहमचा आकडा लहान दिसला तरी त्याला करंट पाहिजे. नुसत्या फोनवर लावलास तर मरतुकडा वाजेल, मग तू आवाज टोकाला नेशील, आणि मी परत तेच पत्र लिहीन. ओहम जास्त म्हणजे माल भारी, हे खूळ डोक्यातनं काढ. एचडी ६०० तीनशे ओहमचा आहे, १९९७ पासून चालू आहे, त्याचा एकेक भाग सुटा मिळतो आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाला असला माल बघून बरं वाटतं. पण त्याच्या मागं ॲम्पचा खर्च येतो. ते नोकरी लागल्यावर.

सिनेमात थिएटरसारखा छातीवर बसणारा बेस यातल्या कशातही पुरेसा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो. जाळीतनं तो निसटतो. त्याच्या बदल्यात कुजबुज, पाऊस, दार लागणं नीट ऐकू येतं. एचडी ५६०एस तू सांगितलेल्या पैशांत बसतो आणि बरेच उरतात. सेलची वाट बघ, नवं मॉडेल आलं म्हणून धावू नको. सेनहायझरनं १९६८ साली एचडी ४१४ काढला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, ओपन हेडफोनची सुरुवात तिथनं धरतात. आणि आता मजा बघ. २०२२ साली त्यांचा हा हेडफोनचा धंदा सोनोव्हा कंपनीनं घेतला. सोनोव्हा म्हणजे फोनॅकवाले, श्रवणयंत्रं बनवणारे. दुकानात त्यांचं माहितीपत्रक ठेवलंय, माझ्यासाठी. एकाच घरात दोघांनी एकाच कंपनीचं गिऱ्हाईक व्हायचं, एकानं या टोकाला आणि एकानं त्या टोकाला, एवढं तरी लगेच करू नकोस.

आवाज किती ठेवायचा यासाठी मीटरबीटर नको. हेडफोन घाल, गेम चालू कर, आणि आजीला म्हण, तू रोजच्या आवाजात माझं नाव घे. ऐकू आलं तर तेवढाच आवाज. नाही आलं तर खाली. पंख्यामुळं ऐकू येत नसेल तर पंखा कमी कर, खिडकी लाव, गेमचा आवाज वाढवू नको. आजीला हे काम आवडेल. तिला हल्ली कोणी काही काम सांगत नाही म्हणून तर ती मोरीत स्वतःचे कपडे धुवायला गेली होती. वहिनीनं हे सांगितलं नाही, आजीनं सांगितलं.

वर बरंच बोललो. शेक चालू असताना वगैरे. ते तेवढं मनावर घेऊ नको. दादाची बदली झाल्यापासून तुझे सगळे मित्र त्या गेममध्येच भेटतात, हे मला कळतं. नागपूरचा तो, जर्मनीला गेलेला तो, रात्री दहानंतर सगळे एकत्र येता. आम्ही कट्ट्यावर बसायचो, तुम्ही तिथं बसता. आजी पडल्यावर तू दोन रात्री तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपलास, हेही तिनंच सांगितलं. तुझी आई फोनवर रागाचंच सांगते, आजी बाकीचं सांगते. तू काय मुलगा आहेस ते मला माहीत आहे.

तर असं कर. या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडं जा, ऑडिओग्राम काढ, आणि कागदाचा फोटो मला पाठव. रेघ सरळ निघाली तर हेडफोनचे निम्मे पैसे माझे. खड्डा निघाला तरी निम्मे माझेच, फक्त मग तू इकडं ये, दोघं बसून ठरवू. घाबरू नको, माझ्यासारखं झालं असेलच असं नाही. पहिल्या मोसमातली शिट्टी बऱ्याचदा जाते, तेवढ्यात कानाला विश्रांती मिळाली तर. तोवर तो लाल-निळा डबा कपाटात ठेव. चार दिवस मित्रांशी लॅपटॉपच्या स्पीकरवर बोल, वहिनी ओरडली तर काकानं सांगितलंय म्हण.

दिवाळीत येताना हेडफोन घेऊन ये. माझ्याकडं तंबोऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे, ते मला लावून दे. काय ऐकू येतंय ते तू मला सांगत जा.

तुझा,
बापूकाका

ता. क. पैसे मी देतोय हे दादाला कळू दे, वहिनीला नको. आणि आजीला अजिबात नको, नाहीतर ती उरलेले निम्मे देईल.