व्यायामाच्या वहीत काय लिहायचे?



आमच्या वस्तीतला एक पोरगा पोलीस भरतीला बसणार होता. दोन महिने अंग हलवले नाही, आणि मैदानी चाचणी जवळ आली तशा एका सकाळी 500 बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या टरटरून सुजल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली. आई म्हणाली, उष्णता झाली असेल. आम्ही त्याला रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेले. अति ताणाने स्नायू फुटतात, त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते. सलाईनवर पोरगा सावरला. भरती मात्र हुकली.

बैठका त्याने मोजल्या होत्या, पण आठवड्याचा हिशेब धरला नव्हता. तो असा धरावा. न थांबता मारलेली एक फेरी म्हणजे एक सेट. शेवटी आणखी दोन-तीनच निघाले असते इतकी फेरी जड गेली, तरच ती वहीत लिहायची. गप्पा मारत केलेली फेरी नको.

सोमवारी जोरांचे 4 सेट, गुरुवारी 4. छातीला 8 मिळाले. दंडाच्या मागच्या स्नायूला जोरात साधारण निम्मे काम पडते, त्याला 4 धरा. पाठीला शून्य, मांडीला शून्य! आमच्या गल्लीतल्या बहुतेक पोरांचे असेच निघाले. आरशात दिसते तेवढेच शरीर, अशी त्यांची समजूत.

नवख्याने प्रत्येक स्नायूला आठवड्यात 4 ते 6 सेट द्यावेत, दोन दिवसांत वाटून. अंग सरावले की आठवड्याला एखादा वाढवावा. 10 च्या आसपास सेट स्नायू वाढायला चांगले. पाठीसाठी जिमची फी लागत नाही. 5 लिटरचा कॅन पाण्याने भरला की 5 किलो झाले. पाठ सरळ ठेवून कमरेत वाका आणि कॅन पोटाकडे ओढा.

आयाबहिणींनी हे पान उलटू नये. हंडे वाहतो तेवढे पुरे, असे त्या म्हणतात. पण वजन रोज तेच, म्हणून ताकदही तिथेच थांबते. खुर्चीवरून हात न टेकता 8 ते 12 वेळा उठबस करा, असे 2 सेट, आठवड्यातून दोनदा. गुडघा कुरकुरला तर उंच स्टूल घ्या.

आणि लघवी काळपट दिसली तर दुखण्याची गोळी घेऊ नका, ती मूत्रपिंडाला आणखी जड जाते. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. वही सोबत न्या, डॉक्टर पहिले तेच विचारतील.