शिसे न लावता बास: न्यू जर्सीत गळ टाकायला किती खर्च येतो?

बास पकडायचा म्हणजे बोट हवी, दोन-तीनशे डॉलरचा रॉड हवा, असे मोठ्या दुकानांतली मांडणी पाहून वाटते. तसे काही नाही. काठावर उभे राहून, दोरीला शिसे न लावता, मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ टाकायचा, ही लार्जमाउथ बास पकडण्याची स्वस्त आणि नवख्याला लवकर जमणारी रीत आहे. रॉड-रीळ एकदाच घ्यावे लागते, गांडुळे मात्र सारखी फाटतात. चालू खर्च तिथेच होतो आणि वाचवताही तिथेच येतो.

आधी परवाना

न्यू जर्सीत राहणाऱ्या 16 ते 69 वयाच्या प्रत्येकाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. 64 वयापर्यंतच्यांना वर्षाचे शुल्क 22.50 डॉलर. फक्त बास धरायचा असेल तर ट्राउटचा वेगळा स्टॅम्प घेऊ नका. भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांनाही गरवायची हौस असेल, तर त्यांच्यासाठी बाहेरच्यांचा सात दिवसांचा परवाना 19.50 डॉलरला मिळतो. तुमच्या परवान्यावर त्यांनी रॉड धरलेला चालत नाही. वर्षातले दोन दिवस राज्य सर्वांना विनापरवाना मासेमारी करू देते. आवड आहे की नाही, हे त्या दिवशी उसन्या रॉडवर पाहून घ्यावे.

पहिली खरेदी (अंदाजे, डॉलरमध्ये)

- रॉड-रीळ जोडी: 50–70. सात फुटांच्या आसपासचा मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 मापाचे रीळ.
- दोरी, 8 किंवा 10 पौंडी: 8–10
- गळांचे पाकीट: 5–6
- प्लॅस्टिक गांडुळांची दोन पाकिटे: 12–18
- रबरी ओ-रिंगा आणि त्या चढवायची नळी: 8–10
- लांब चोचीची पक्कड: 8–10

यावर 6.625 टक्के विक्रीकर. परवाना धरून पहिल्या वर्षाची सुरुवात साधारण 120 ते 155 डॉलरमध्ये होते. हात राखायचा तर रॉडवर राखा. दोरी आणि परवाना यांत काटकसर नको.

गांडूळ कोणता?

गॅरी यामामोटोचा पाच इंची सेन्को या प्रकारातला सर्वांत नावाजलेला. दहा नगांचे पाकीट आठ-नऊ डॉलरला, म्हणजे एक गांडूळ 80–90 सेंटला पडतो. त्याच घाटाची इतर कंपन्यांची पाकिटे चार ते सहा डॉलरला मिळतात. सेन्कोच्या प्लॅस्टिकमध्ये मीठ भरपूर असते. त्यामुळे तो शिशाविना लांब फेकता येतो आणि पाण्यात आडवाच, दोन्ही टोके थरथरवत हळूहळू खाली जातो. बास बहुधा याच वेळी तोंड घालतो. म्हणून फेकल्यावर रीळ फिरवू नका. दोरी सैल सोडा आणि ती पाण्यात जिथे शिरते तिथे नजर ठेवा. ती टचकन हलली किंवा बाजूला सरकू लागली की सैल गोळा करून रॉड उचला. उशीर केलात तर मासा गळ खोल गिळतो. मग पक्कड लागतेच, आणि गळ दिसेनासा झाला असेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापून मासा सोडावा.

पैसे कुठे वाचतात?

गांडुळाच्या मधोमध गळ टोचला की त्याला वॅकी रिग म्हणतात. मासे यावर छान येतात, पण एक-दोन माशांत गांडूळ तुटतो. मध्यावर ओ-रिंग चढवून गळ रिंगेखालून घातला, तर तोच गांडूळ कितीतरी जास्त टिकतो. गवत-शेवाळ असेल तिथे टेक्सास रिग वापरा: 3/0 किंवा 4/0 मापाचा वाकड्या मानेचा गळ, टोक गांडुळाच्या अंगात लपवलेले. त्यात डोके फाटले की गांडूळ टाकू नका, वॅकीला लावा. गांडुळे मूळ पाकिटातच ठेवा. कडक प्लॅस्टिकच्या आमिषांसोबत एका डबीत राहिली तर दोन्ही विरघळून चिकटतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ती वाकडी होतात.

काय टाळावे?

दहा-बारा फुटांपेक्षा खोल पाण्यात किंवा जोराच्या वाऱ्यात ही पद्धत चालत नाही. वारा दोरीला पोट काढतो आणि माशाची ओढ कळत नाही. लेक हॉपॅटकाँगसारख्या मोठ्या तलावासाठी लगेच बोट भाड्याने घेऊ नका. एडिसनच्या बाजूला राहणाऱ्यांना फॅरिंग्टन लेकचा काठ सुरुवातीला पुरेसा आहे.

15 एप्रिल ते 15 जून बास पकडला तरी सोडावाच लागतो, कारण तो अंड्यांचा काळ. फाटलेला गांडूळ पाण्यात फेकू नका. तो कुजत नाही आणि माशाच्या पोटात जाऊन बसतो. फाटक्या तुकड्यांसाठी खिशात एक रिकामे पाकीट ठेवा, त्याला एक सेंटही लागत नाही.

1950 च्या केंद्रीय कायद्यामुळे मासेमारीच्या सामानावरचा अबकारी कर मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांकडे जातो. म्हणजे तुम्ही घेतलेल्या रॉडच्या किमतीतही या पाण्यांचा वाटा आहे. तेव्हा यंदा परवाना, साधा रॉड आणि दोन पाकिटे एवढेच घ्या. दोरीची हालचाल डोळ्यांना ओळखता येऊ लागली, की मग महागड्या रॉडचा विचार करा.