आधी फडकं बदल

अगं, गाडी घेतलीस हे फार छान झालं. सात वर्षं जुनी असली म्हणून काय झालं? इंजिन ठणठणीत आहे, कागदपत्रं चोख आहेत आणि आजवर ती एकाच मालकाकडे होती. पण तुझं दुखणं मला कळलंय. सावलीत काळीभोर दिसणारी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटभर गोल गोल बारीक ओरखडे उठून दिसतात आणि तुझं मन खट्टू होतं. म्हणून तू म्हणतेस, दसऱ्याच्या आत सिरॅमिक कोटिंग करून टाकते. थांब जरा. पर्स उघडायच्या आधी ताईचं ऐकून घे, मग काय करायचं ते तुझं तू ठरव.

पहिली गोष्ट, हे ओरखडे गाडीच्या वयाने आलेले नाहीत. ते रोज सकाळी पडलेत. आपल्या सोसायट्यांमध्ये गाड्या पुसायला जो मुलगा येतो, त्याच्याकडे बादली एक, फडकं एक आणि गाड्या दहा-पंधरा. पहिल्या गाडीची धूळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळू गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक. फडक्याखाली ते कण फिरत राहतात आणि रंगावर रेघोट्या उमटत जातात. गंमत म्हणजे या रेघोट्या गोल नसतातच, त्या सगळ्या दिशांनी असतात. उजेडाभोवती ज्या वळलेल्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल दिसतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही त्या असतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत. तू काळी घेतलीस, तेव्हा ते भोग तुझ्या वाट्याला आले.

तुला बाबांची पद्मिनी आठवते ना? दसरा जवळ आला की बाबा पॉलिशची डबी घेऊन बसायचे आणि फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा. कुर्ल्यात बनलेल्या त्या गाडीला वरून पारदर्शक थर नव्हता. उन्हाने मेलेला रंग घासून काढला की खालचा ताजा रंग वर यायचा, म्हणून दरवर्षी घासणं तिला मानवायचं. आजच्या गाडीचं तसं नाही. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा बिनरंगी थर. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. चमक दिसते ती या थरामुळे, आणि ऊन झेलतो तोही हाच.

आता पॉलिश काय करतं ते नीट समजून घे, कारण काउंटरवर हे कुणी सांगत नाही. खरं पॉलिश ओरखडा भरत नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं, आणि सगळं सपाट झालं की उजेड सरळ परततो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला थोडा थर जातो आणि तो परत येत नाही. म्हणून कुणी "मॅडम, दर सहा महिन्यांनी रबिंग करून घ्या" म्हणालं, तर गोड हसायचं आणि घरी यायचं. क्लिअर कोट संपून पांढरट पापुद्रे सुटायला लागले की कुठल्याही पॉलिशचा उपयोग होत नाही, तो भाग नव्याने रंगवूनच घ्यावा लागतो.

तेव्हा सुरुवात धुण्यापासून कर. गाडी सावलीत लाव आणि बॉनेटला हात लावून बघ. गार असेल तरच पुढे जा, नाहीतर साबण अंगावरच वाळतो. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ दे. मग दोन बादल्या घे, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. शाम्पूत भिजवलेलं मायक्रोफायबर टपावरून खाली सरळ रेषेत फिरव, गोल नाही. एक भाग झाला की ते साध्या पाण्यात खळबळून घे, मगच पुन्हा शाम्पूत बुडव. दाराखालच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी, कारण खडी आणि चिखल तिथेच असतो. चाकांचं फडकं पूर्ण वेगळं, ते रंगाच्या वाटेला जाता कामा नये. भांड्यांचा साबण वापरू नकोस, तो आधीचं वॅक्स काढून टाकतो. कपड्यांच्या पावडरीचं तर नावही काढू नकोस.

पाण्याचं म्हणशील तर तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ते अंगावर वाळलं की पांढरे ठिपके धरतं. ते क्षार असतात. म्हणून धुतल्याबरोबर मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घे, रगडू नकोस. जुने ठिपके असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्याने थोडा वेळ त्यावर धर आणि लगेच धुऊन टाक. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की नळी लावून गाडी धुणं आपल्यालाच बरं वाटत नाही. त्यासाठी रिन्सलेस वॉश मिळतो. बादलीभर पाण्यात थोडासाच घालायचा, वरून धुवायची गरज नाही. पण गाडी चिखलाने भरलेली असेल तर तो चालत नाही, हे लक्षात ठेव.

धुऊन-पुसून झालं की हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढव आणि बॉनेटवरून बोटं फिरव. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं तेच पिशवीतून खरबरीत लागेल. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, कुठे रंगकाम चालू असेल तर त्याचा फवारा, हे सगळं रंगाला घट्ट चिकटून बसलेलं असतं आणि धुण्याने जात नाही. त्यासाठी क्ले बार लागतो. पृष्ठभागावर लुब्रिकंट भरपूर मार आणि क्लेची वडी हलक्या हाताने सरकव. घरघर थांबली की तो भाग झाला. वडी घडी घालून नवी बाजू वर आण. हातातून जमिनीवर पडली तर सरळ फेकून दे, पैशांकडे बघू नकोस, कारण तिला चिकटलेली खडी पुन्हा तुझ्याच रंगावर फिरणार. एवढं झालं तरी पुष्कळ गाड्या उजळून निघतात.

मग उरलेले ओरखडे तपास. अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं फिरव. नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, त्याच्या नादी लागू नकोस. जो नुसता डोळ्यांना दिसतो आणि नखाला लागत नाही, तो जाईल. इथे दुकानातले दोन शब्द लक्षात ठेव. कंपाउंड जास्त घासतं, पॉलिश कमी. आधी नेहमी कमी घासणारं वापर, मऊ फोमच्या पॅडने, डिकीच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेवर. तेवढ्याने काम झालं तर कंपाउंडची बाटली उघडायचीच नाही.

स्वतः करायची हौस असेल तर डीए मशीन घे. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी थोडं हेलकावतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या हाताला तेच बरं. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन धर, पॅडवर पॉलिशचे चार-पाच थेंब घे, आधी आडवे आणि मग उभे हात मार. काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर आधी मास्किंग टेप लाव, नाहीतर पांढरे डाग बसतात. दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या कडांवर मशीन टेकवूच नकोस, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

पॉलिश करणाऱ्या सेंटरला गाडी देणार असशील तर लाजू नकोस, प्रश्न विचार. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का? कुठलं मशीन वापरता? आधी एक छोटा भाग करून दाखवाल का? मोठं रोटरी मशीन आणि लोकरीचं पॅड घाईने फिरवलं की ओरखडे जातात, पण त्यांच्या जागी उन्हात लहरींसारखी झाक येते. आणि एक खास तुला म्हणून सांगते. काही पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो. तो ओरखड्यांत बसतो आणि गाडी ताब्यात घेताना ती आरशासारखी दिसते. दोन-तीन धुण्यांत सगळं पुन्हा वर येतं. म्हणून पैसे देण्याआधी एका भागावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसायला सांग आणि गाडी उन्हात आणून बघ. सेंटरच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

आता तुझ्या सिरॅमिककडे येते. पॉलिशने चमक येते, तर वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक ती राखतात. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. काळ्या रंगावर ते फार खुलतं, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकलं तरी नशीब. कृत्रिम सीलंट काही महिने साथ देतं. सिरॅमिक कोटिंग सिलिकाचं असतं, पृष्ठभागावर घट्ट होतं आणि नीट लावलं, नीट सांभाळलं तर वर्षं काढतं. पाणी आणि मळ त्याला चिकटत नाही, धुणं सोपं होतं, हे त्याचे खरे गुण. पण पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 9एच बघून हुरळू नकोस. ते पेन्सिलीच्या चाचणीचं माप आहे, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून बघतात. वाळूने भरलेलं फडकं काही पेन्सिल नाही. रस्त्यावरच्या खड्यांपासून वाचायचं असेल तर जाड पारदर्शक फिल्म लागते, ते काम कोटिंगचं नाही. शिवाय खालचे ओरखडे न काढता कोटिंग लावलं तर ते त्याखाली जसेच्या तसे दिसत राहतात.

रोजच्या सवयींत थोडं लक्ष दे. कबुतराची शिट दिसली की संध्याकाळची वाट बघू नकोस. उन्हात रंग तापून मऊ होतो, शिट वाळून आकसते आणि तिच्यातलं आम्ल रंगावर कायमचा डाग पाडतं. ओला कागद त्यावर थोडा वेळ ठेव आणि उचलून घे, घासायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात गावाला गेलीस तर आंब्याखाली गाडी लावू नकोस, तिथला चीक पुढच्या पावसापर्यंत पुरतो. कोकणातली लाल धूळ आणि समुद्राची खारी हवा गाडीवर बसली असेल तर परत आल्यावर आधी पाण्याने धू, मगच हात लाव. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नकोस. वाऱ्याने कव्हर फडफडतं आणि तीच धूळ दिवसभर रंगावर घासत बसतं.

दसऱ्याची पूजा तर होणारच. हळद-कुंकू आवडीने वाहा, पण स्वस्तिक ओल्या कुंकवाने बॉनेटवर काढण्यापेक्षा नंबर प्लेटशेजारी थोडं लाव आणि दुसऱ्या दिवशी धुऊन टाक. झेंडूच्या हारातली तार रंगावर घासू देऊ नकोस. हार दोऱ्यात ओवून घे आणि गाडी चालवायच्या आधी काढून ठेव. नारळ रस्त्यावर फोड, बॉनेटच्या कडेवर नाही, आणि त्याचं पाणी उडालं तर लगेच पूस.

हेडलाइट पिवळे पडलेत असं म्हणालीस, त्यांचं काम वेगळं. ते प्लॅस्टिकचे आहेत आणि उन्हाने पिवळे पडतात. टूथपेस्टने चार दिवस उजळतात आणि पुन्हा होते तसे होतात. बारीक ओल्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून, पॉलिश करून, वर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर लावला तरच ते टिकतात. हे सेंटरवाल्यांना एकदाच करायला दे.

तेव्हा दसऱ्यापर्यंत गाडी धुऊन घे, क्ले फिरव, एकदाच हलकं पॉलिश कर आणि त्यावर चांगलं वॅक्स किंवा सीलंट लाव. कोटिंगचे पैसे बाजूला ठेव. वर्षभर नीट धुतल्यानंतरही हवंसं वाटलं तर जरूर कर, मी अडवणार नाही. पण आजच मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी आण. ती मऊ साबणाने धुवायची, सुती कपड्यांत मिसळायची नाहीत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावायचं नाही. त्यातली दोन गाडी पुसणाऱ्या मुलाला दे आणि प्रेमाने सांग, "दादा, रोज पुसू नकोस. आठवड्यातून एकदाच, भरपूर पाण्याने धू, आणि माझ्या गाडीला माझंच फडकं लाव." पगार मात्र तेवढाच ठेव, कमी करू नकोस. त्याला घाई नसली तर तुझा रंग वाचेल.