क्लिकला पैसे, पानाला मेहनत

साकीनाका जंक्शनवरून खैराणी रोडला लागलं की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. कुठे कपडे शिवले जातात, कुठे पत्रा कापला जातो, कुठे प्लास्टिकचे साचे चालतात. या गाळ्यांचं नवं गिऱ्हाईक आता पाटी वाचून आत येत नाही. ते भिवंडीत किंवा ठाण्यात बसून मोबाइलवर शोधतं आणि वर दिसेल त्याला फोन लावतं. म्हणून माझ्या ओळखीतले कितीतरी गाळेधारक गूगलच्या जाहिरातीवर दरमहा पैसे घालतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इथेच दादाचा कोरोगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. हिशेब मी पाहते. जाहिरातीचं काम आधी एका एजन्सीकडे होतं. त्यांचं सांगणं होतं, ‘ॲड चालू ठेवा, साइट आपोआप वर येईल.’ एन्क्वायरी येत होत्या, तोवर कुणी खोलात गेलं नाही. मंदीत जाहिरात थांबवली आणि त्याच आठवड्यात फोन थंडावले. साइट शोधनिकालात कुठेच नव्हती, कारण तिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं: एक फोटो, एक नंबर आणि ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’. जाहिरातीचं खातंही एजन्सीच्या नावावर. कुठल्या शब्दावर किती पैसे गेले, याची सगळी नोंद त्यांच्यापाशीच राहिली.

एजन्सीचा तो दावा मुळातच चुकीचा होता. जाहिरातीला पैसे दिल्याने ऑरगॅनिक निकालात, म्हणजे बिनपैशाच्या यादीत, जागा वर जात नाही. गूगल स्वतःच हे स्पष्ट सांगतं. जाहिरात हा भाड्याचा गाळा आहे. भाडं थांबलं की शटर खाली. आपल्या साइटवरचं चांगलं पान हा मालकीचा गाळा. उभा राहायला वेळ लागतो, पण महिना संपला म्हणून कुणी बाहेर काढत नाही. एसईओचा, म्हणजे बिनपैशाच्या यादीत वर येण्यासाठी साइटवर केलेल्या कामाचा, परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच मार्गदर्शनात आहे. तेवढा काळ धंदा थांबत नाही. म्हणून दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकमेकांच्या उपयोगी पडले पाहिजेत.

ते कसं, हे खातं स्वतःच्या नावावर उघडल्यावर दिसलं. गूगल ॲड्समध्ये ‘सर्च टर्म्स’ नावाचा रिपोर्ट असतो. आपण दिलेले कीवर्ड वेगळे. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं, ते इथे कळतं. आमच्या जाहिरातीवर क्लिक झालेले शब्द होते: ‘बॉक्स बनवण्याचं मशीन किंमत’, ‘पुठ्ठ्याचं घर शाळा प्रोजेक्ट’, ‘पॅकिंगचं काम घरबसल्या’. फोनवर लोक विचारत, ‘रद्दी पुठ्ठा काय भावाने घेता?’ हे सगळे क्लिक पैशाचे. ब्रॉड मॅच, म्हणजे कीवर्डच्या आसपासच्या शोधांवरही जाहिरात दाखवायची मुभा, ठेवलं की असं होतं. आम्ही फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच या नेमक्या पर्यायांवर आलो. मशीन, प्रोजेक्ट, जॉब, रद्दी, फ्री हे शब्द निगेटिव्ह यादीत टाकले, म्हणजे त्यांच्यावर जाहिरात दिसत नाही.

त्याच रिपोर्टमध्ये खरं धनही होतं. ‘फाइव्ह प्लाय बॉक्स कमी क्वांटिटी’, ‘गारमेंट एक्स्पोर्ट कार्टन अंधेरी ईस्ट’ असं शोधणारे ऑर्डर देत होते. साकीनाका अंधेरी ईस्टमध्येच येतं, पण साकीनाका म्हणून शोधणारे थोडे, अंधेरी ईस्ट म्हणून शोधणारे जास्त. मग थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लायची वेगवेगळी पानं केली. त्यांत मापं, जीएसएम, कमीत कमी किती नग, किती दिवसांत माल, टेम्पो कुठवर जातो, हे सगळं लिहिलं. जाहिरातीने शब्द शोधून दिले, पानांनी ते धरून ठेवले.

पान चांगलं असलं तर जाहिरातही स्वस्त पडते. २००२ पासून गूगलच्या जाहिरातींच्या लिलावात नुसती बोली चालत नाही. आज क्वालिटी स्कोअर १ ते १० असा दिसतो आणि तो तीन गोष्टींवर ठरतो: क्लिक होण्याची शक्यता, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. म्हणजे पानावर घेतलेली मेहनत दोन्हीकडे फळते.

आता पैशाचं. रोजचं बजेट ५०० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी १,००० रुपयेही खर्च होऊ शकतात. महिन्याची कमाल मर्यादा ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,९३६ रुपये. पेमेंट प्रोफाइलमध्ये स्वतःचा जीएसटी नंबर घाला, म्हणजे क्रेडिट घेता येईल. हिशेब क्लिकचा नको, ऑर्डरचा ठेवा. समजा, क्लिक ४० रुपयांना पडतो आणि २५ क्लिकमागे एक ऑर्डर येते. ती ऑर्डर १,००० रुपयांना पडली. तेवढं मार्जिन सुटत नसेल तर तो शब्द सोडा.

लोकेशनची सेटिंगही बघा. नुसतं ‘मुंबई’ निवडलं तर मुंबईत असलेल्यांबरोबर मुंबईत रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. खोकी हलकी पण जागा खाणारी. लांब पाठवली तर वाहतूकच नफा खाते. आमच्यासाठी ‘प्रत्यक्ष तिथे असलेले’ हाच पर्याय बरा. सोबत गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पत्ता, गाळा नंबर, ४०००७२ हा पिनकोड सगळीकडे एकसारखा लिहा.

एखाद्या शब्दावर आपलं पान वर आलं की तिथली जाहिरात थोडे आठवडे थांबवून एकूण एन्क्वायरी मोजा. २०१२ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजाराने याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या; जवळजवळ सगळे लोक खालच्या बिनपैशाच्या लिंकवरून आले. ईबेचं नाव जगाला माहीत होतं, आपलं नाही. म्हणून त्यांचा निष्कर्ष उसना न घेता आपल्या शब्दांवर आपण तपासायचं. वाचलेले पैसे जिथे पान अजून मागे आहे तिथे लावायचे.

एजन्सी नेमायला हरकत नाही. वेळ नसेल तर नेमावीच. पण खातं तुमच्या ईमेलवर, ॲडमिन तुम्ही, एजन्सीला फक्त ॲक्सेस. ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ देणाऱ्याला नमस्कार करा. तशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही गूगलनेच सांगितलं आहे. आणि पुढचं बिल भरण्याआधी दोन गोष्टी मागा: महिन्याचा सर्च टर्म्स रिपोर्ट आणि त्यावरून साइटवर नवं काय लिहिलं त्याची यादी. दुसरी यादी कोरी असेल तर तुम्ही फक्त भाडं भरत आहात.