मरणाच्या उंबरठ्यावरून परत आलेले
(मंडळीच्या शास्त्रवर्गासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : योहान ११:१–४४, लूक १६:१९–३१, १ करिंथ १५:१२–२०, २ करिंथ १२:१–५.



एका खेड्यांतील मंडळीच्या उपदेशकांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या मंडळींतील एका बंधूचें हृदय तालुक्याच्या दवाखान्यांत बंद पडलें. डॉक्टरांनीं छाती दाबून व विजेचा झटका देऊन तें पुनः चालू केलें. शुद्धीवर आल्यावर तो सांगूं लागला कीं, आपण आपलें शरीर वरून पाहिलें, मोठा प्रकाश पाहिला, व मन अगदीं शांत झालें. तेव्हांपासून त्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळीं माणसें जमतात. त्याच आठवड्यांत दुसऱ्या घरचा एक बंधु तापानें वारला. शेवटच्या रात्रीं तो घाबरून हातपाय झाडीत होता. त्याची विधवा उपदेशकांस विचारिते, "मास्तर, त्यांना उजेड दिसला, मग आमच्या घरच्यांना का नाहीं दिसला? देवानं त्यांना टाकलं काय?"

हा पाठ त्या बाईकरितां आहे.

१. लोक काय सांगतात

अशा हकिकती नव्या नाहींत. स्वित्झर्लंडांतील भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम ह्यांनीं १८९२ सालीं आल्प्स पर्वताच्या कड्यांवरून पडून वांचलेल्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. ते स्वतःही असेच एकदां पडले होते. पुष्कळांनीं सांगितलें कीं, पडतांना भीति वाटली नाहीं व गत आयुष्य डोळ्यांपुढून गेलें. पुढें १९७५ सालीं अमेरिकेंत रेमंड मूडी ह्यांचें ह्या विषयावरील पुस्तक निघालें, आणि ही गोष्ट जगभर लोकांच्या तोंडीं झाली. आपण ह्यांस मरणसमीप अनुभव म्हणूं. अंधारा बोगदा, प्रकाश, वारलेल्या आप्तांची भेट व परत फिरणें, हीं त्यांतील नेहमींचीं चिन्हें होत. कित्येकांचे अनुभव भयंकरही असतात.

परंतु असा अनुभव किती जणांस येतो? हॉलंड देशांतील १० इस्पितळांत, हृदय बंद पडून पुनः चालू झालेल्या ३४४ रोग्यांची विचारपूस करण्यांत आली, व डॉ. पिम व्हान लोमेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ती २००१ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ६२ जणांनीं, म्हणजे शेंकडा १८ जणांनीं, असा अनुभव सांगितला. राहिलेल्या २८२ जणांस त्या वेळचें कांहींच आठवत नव्हतें. हीं सर्व माणसें एकाच दारापर्यंत जाऊन आलीं होतीं. तेव्हां ज्यास दिसलें तो देवाचा लाडका, व ज्यास दिसलें नाहीं तो टाकलेला, असें कोण म्हणूं शकेल?

२. दिसलेलें चित्र व पाहणाऱ्याचें मन

आपल्या देशांतील अभ्यासही पाहण्याजोगा आहे. बंगलोर येथील सत्वंत पसरिचा व अमेरिकेंतील इयान स्टीव्हन्सन ह्यांनीं १९८६ सालीं भारतांतील १६ हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत वारंवार असें आढळतें कीं, यमदूत मनुष्यास घेऊन गेले, तेथें वही तपासली, चुकून भलताच मनुष्य आणिला असें ठरलें, आणि त्यास परत पाठविलें. अमेरिकेंतील हकिकतींत अशी चूक सहसा आढळत नाहीं.

ह्यावरून शेजाऱ्यांस हंसण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं. लहानपणापासून जें ऐकलें, त्याचे रंग त्या घटकेच्या चित्रांत उतरतात, हें त्यांच्या बाबतींत जितकें खरें, तितकेंच आपल्याही बाबतींत खरें आहे. म्हणून अशा चित्रास परलोकाचा नकाशा समजूं नये.

३. वैद्य काय सांगतात

हृदय थांबलें म्हणजे मेंदु त्याच क्षणीं मरतो असें नाहीं. वेळेवर उपाय झाल्यास मनुष्य परत येतो. ज्या मरणांतून वैद्यास परत आणितां येत नाहीं, तें मरण. म्हणून परत आलेला मनुष्य उंबरठ्यापर्यंत गेला होता. आंतील खोलींत तो राहून आला असें म्हणवत नाहीं.

मिशिगन विद्यापीठांत २०१३ सालीं ९ उंदरांवर प्रयोग करण्यांत आला. हृदय थांबल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटांत त्यांच्या मेंदूंत विजेच्या लहरी जोरानें उसळल्या. २०२३ सालीं तेथीलच अभ्यासांत ४ मरणोन्मुख रोग्यांपैकीं दोघांत तसेंच आढळलें. परंतु ते चौघेही वारले, म्हणून त्यांनीं काय पाहिलें हें विचारावयास कोणी उरलें नाहीं. आणखी एका मोठ्या अभ्यासांत डॉ. सॅम पार्निया व त्यांचे सहकारी ह्यांनीं इस्पितळांत उंच फळ्यांवर चित्रें ठेविलीं होतीं, हेतु हा कीं, जो खरोखर वरून पाहील त्यासच तीं दिसावीं. हा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या दोघांनीं स्पष्टपणें पाहिल्याचें व ऐकल्याचें सांगितलें, त्यांचीं हृदयें फळी नसलेल्या जागीं बंद पडलीं होतीं. एकाचें सांगणें कांहीं अंशीं पडताळून खरें ठरलें, पण चित्रांची कसोटी लागलीच नाहीं. शास्त्र अद्याप शोध करीत आहे. परलोक नाहीं असें त्यानें सिद्ध केलेलें नाहीं, आणि आहे असेंही सिद्ध केलेलें नाहीं.

४. एक इशारा

२०१० सालीं अमेरिकेंत, अपघातांतून वांचलेला एक मुलगा स्वर्गांत जाऊन आला, असें सांगणारें पुस्तक निघालें. ख्रिस्ती घरोघरीं तें मोठ्या आवडीनें वाचिलें गेलें. २०१५ सालीं त्याच मुलानें जाहीरपणें कळविलें कीं, आपण स्वर्गांत गेलों नव्हतों. लोकांनीं आपल्याकडे लक्ष द्यावें म्हणून लहानपणीं तसें बोललों. प्रकाशकांनीं पुस्तक परत घेतलें. तो अपघाताच्या वेळीं अवघा सहा वर्षांचा होता. दोष त्याला देऊं नये. परंतु ज्यांनीं त्याच्या गोष्टीवर आपली आशा टेकविली होती, त्यांच्या पायांखालील जमीन त्या दिवशीं सरकली असेल. ज्या भिंतीस पाया नाहीं, तिला टेकून बसूं नये.

५. शास्त्राचें मौन

आतां बेथानीच्या लाजराकडे पाहा. तो घटकाभर नव्हे, तर चार दिवस कबरेंत होता. तो बाहेर आला, पुढें पंक्तीस बसून जेवला, लोक त्याला पाहावयास झुंडीनें आले. तरी त्यानें पलीकडे काय पाहिलें ह्याविषयीं योहानानें एक अक्षरही लिहिलें नाहीं. याइराची मुलगी उठली, तेव्हां तिला खावयास द्या अशी प्रभूची आज्ञा झाली. तूं काय पाहिलेंस असें तिला कोणीं विचारिल्याचें लिहिलेलें नाहीं. पौल तिसऱ्या स्वर्गाविषयीं सांगतो. पण शरीरांत कीं शरीराबाहेर हें आपणांस ठाऊक नाहीं, असें कबूल करितो, आणि जें ऐकलें तें बोलत नाहीं. श्रीमंत मनुष्य व लाजर ह्यांच्या दाखल्यांत (हा लाजर निराळा) अब्राहाम साफ सांगतो कीं, मोशे व संदेष्टे ह्यांचें जे ऐकत नाहींत, त्यांची खात्री मेलेल्यांतून उठून कोणी गेला तरी होणार नाहीं.

हें मौन विचार करण्याजोगें आहे. पौल करिंथकरांस पुनरुत्थानाविषयीं लिहितो, तेव्हां आपल्या दर्शनाचा आधार घेत नाहीं. ख्रिस्त उठला आहे, ह्या एकाच गोष्टीवर तो सर्व भार ठेवितो. आपली आशाही तेथेंच असावी.

६. मग उपदेशकानें काय करावें?

ज्या बंधूस अनुभव आला, त्यास खोटा म्हणूं नये. पुष्कळांचें मरणाचें भय अशा अनुभवानें जातें, ही कृपाच होय. मात्र त्याला ओट्यावरचा भविष्यवादी होऊं देऊं नये. त्याचें सांगणें शांतपणें ऐकावें व त्यास मंडळीच्या नित्याच्या सेवेंत घ्यावें.

त्या बाईच्या घरीं आधीं जावें व तिच्याजवळ बसावें. तिला सांगावें कीं, बाई, तापानें व प्राणवायु कमी पडल्यानें मनुष्य भ्रमांत जातो. तुमच्या घरच्यांची ती तळमळ देहाची पीडा होती, देवाचा निवाडा नव्हता. प्रभूनें स्वतः वधस्तंभावर मोठ्यानें आरोळी मारिली. त्याला कोणी देवानें कायमचा टाकलेला म्हणत नाहीं. तुमच्या घरच्यांस काय दिसलें हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण ज्यानें त्यांस पाहिलें, तो आम्हांस ठाऊक आहे.

एवढें सांगून उठूं नये. तिच्या पेरणीची व मुलांच्या शाळेची विचारपूस करावी. ओट्यावर जमणाऱ्या मंडळीनें आठवड्यांतील एक संध्याकाळ ह्या घरीं घालविली, तर हा पाठ समजला असें आम्ही मानूं.

वर्गासाठीं प्रश्न

(१) लाजरानें पलीकडचें कांहीं सांगितल्याचें शास्त्रांत कां नसावें, असें तुम्हांस वाटतें?
(२) ३४४ पैकीं २८२ जणांस कांहीं आठवलें नाहीं, ह्यांत दुःखितांस कोणतें समाधान आहे?
(३) आपल्या गांवांत ह्या वर्षीं कोणाच्या घरीं मरण आलें? त्या घरीं आपण शेवटचे केव्हां गेलों होतों?